शाहेचे पाहुणे

१४ ऑक्टोबर १९४३

शाहेच्या दारी आले! माझ्या नाही—शाहेच्या! एक बाप्या, त्याची बायको आणि पाच-सहा वर्षांची पोर. ओढ्याकडून वर चढताना तिचं फाटक आधी लागतं, एवढंच तिचं नशीब. बाहेर उभं राहून त्यानं हाक दिली, "घरधनी, पाहुणे घेता का?" आणि ही बया अशी धावली की एक खडाव अंगणातच राहिली! मी कुंपणावरून सगळं बघितलं. एकदा का तिची भाकरी नि मीठ तोंडात गेलं की झालं. पाहुणे तिचे. आमच्या डोंगरात त्यावर वाद नाही.

ज्यू आहेत, बेदरी म्हणाला. माझा थोरला. स्कोपियेहून सगळं टाकून पळालेले, खाली बेरात शहरात लपले होते, पण आता तिथं जर्मन आलेत. "आई, वहीत त्यांची खरी नावं लिहू नको हं." लिहिणार कशी? शाहे मला सांगते होय! गावानं दिलेली तेवढी ठाऊक आहेत—इब्राहिम, फातिमे आणि पोरीचं सेल्वी.

१५ ऑक्टोबर

शाहेकडे खरी कॉफी होती! सगळं गाव भाजलेल्या हरभऱ्याचं पाणी पितंय, आणि हिनं कुठं दडवली होती? वास थेट आमच्या चुलीपर्यंत. मुद्दाम खिडकी उघडी ठेवली असणार.

१९ ऑक्टोबर

सुनेला दह्याची वाटी घेऊन पाठवलं. म्हटलं, लुमे, बघून ये काय काय शिजतंय. परत आली ती लगेच. "अहो आई, शाहेकाकूंनी आतच घेतलं नाही. पाहुण्यांना धुवायला पाणी तापवतेय म्हणाल्या." आणि वाटी रिकामी परत पाठवत नाहीत, म्हणून तिच्यात काय—अक्रोड! सोललेले! माझ्या दह्याला खाली बघायला लावायचं, दुसरं काय.

आम्ही दोघी एकाच साली लग्न होऊन या गावात आलो. तिच्या वरातीत दोन ढोल होते, माझ्या वरातीत एक, आणि तोही फाटका. पाऊस लागला होता त्याला. असो. अक्रोड चांगले होते.

२ नोव्हेंबर

रेशिद आगांकडे गेले. गावचे तंटे तेच मिटवतात. म्हटलं, आगा, पाहुणे वर येताना आधी ओढ्याकाठी माझ्या अंजिराखाली टेकले. पोरीनं अंजीरही खाल्लं. म्हणजे निम्मे माझे!

आगा इतके हसले की दाढीत ताक सांडलं.

"रेस्मिये, अंजिरानं त्यांना घरात या म्हटलं का?"

"तोंड असतं तर म्हटलं असतं!"

"मग तू पुढच्यांची वाट बघ."

पुढचे कुठले! वरच्या आळीत दोन कुटुंबं गेली, गिरणीवाल्याकडे म्हातारा-म्हातारी. जर्मनांनी फर्मान काढलंय, ज्यूला ठेवाल तर गोळी. तरी सगळ्यांच्या चुलीपाशी पाहुणे! माझ्या चुलीपाशी मांजर.

२० नोव्हेंबर

सेल्वी आली! एकटी, आपल्या पायांनी! मी अंजिराचा मुरंबा काढला. चमचा चाटून पुसून लख्ख करून दिला तिनं. पुढचे दात पडलेत. तोतरं तोतरं आपल्या भाषेत बोलायला लागलीय. विचारलं, शाहेला काय म्हणतेस गं? "आज्जी." आणि मला? विचार करून म्हणाली, "पलीकडची बाई."

दिवसभर कशात लक्ष लागेना. चुलीवर दूध उतू गेलं.

३ डिसेंबर

आज "पलीकडची आज्जी" झाले! मुरंब्याची दुसरी बरणी फोडली. लुमे म्हणते, "लाच देताय, आई." देते!

१८ जानेवारी १९४४

अक्षर वाकडं येतंय.

काल सकाळी जर्मन वर आले. शाहेच्या लेकानं इब्राहिम-फातिमेला वेळेवर मागच्या रानात, मेंढवाड्यात नेलं. पोर माझ्याकडे होती. मी तिची वेणी घालत होते. दोन शिपाई आत घुसले, बरोबर आपल्यातलाच एक दुभाष्या.

"ही कोण?"

"माझी नात. मान हलवू नको गं सेल्वी, भांग वाकडा होतोय."

त्यानं पोरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "अगदी आजीवर गेलीय," म्हणाला आणि त्यांना घेऊन बाहेर पडला. त्याला कळलं होतं का? देव जाणे. पोरीनं माझा परकर मुठीत धरला होता तो सोडवेना.

शाहेकडे त्यांना इब्राहिमचा शहरी कोट सापडला. अंगणात उभी केली तिला. माणसं कुठायत? ती म्हणाली, "माझ्या घरचा पाहुणा मी कुणाला दाखवत नाही." बंदुकीचा दस्ता मारला. पडली, उठली, पदर सारखा केला, परत तेच म्हणाली. मग त्यांनी घराला आग लावली. छप्पर कोसळलं तेव्हा सगळ्या आळीला झळ लागली. ती बघत उभी, कमरेवर हात ठेवून.

ते गेल्यावर मी दारात आले. शाहे आमच्या फाटकाबाहेर. इतकी वर्षं ही बाई कधी विचारून आत आली नाही—मीठ हवं असलं तर सरळ माझ्या फडताळात हात! आणि काल बाहेरच उभी. चेहरा काजळीनं काळा. हाक दिली,

"घरधनी, पाहुणा घेता का?"

मी धावले. तिला चुलीपाशी वरच्या, मानाच्या जागी बसवलं, पाय धुतले. भाकरी नि मीठ पुढं ठेवलं. ती म्हणाली, "भाकरी जरा कच्ची आहे गं." मग दोघी रडलो.

६ फेब्रुवारी

इब्राहिम-फातिमेही आता आमच्याकडे; शाहेचा लेक मेंढवाड्यातच राहिलाय. आले की नाही माझ्या छपराखाली! पण सुख कसलं! आगांनी निवाडा दिला—शाहे माझी पाहुणी, आणि ते शाहेचे पाहुणे. म्हणजे काय, तर माझ्या घरात, माझ्या चुलीवर, माझ्या भांड्यात शाहे त्यांचं करते, आणि मी पुढं झाले की हात आडवा घालते. "बस गं रेस्मिये, हे माझे पाहुणे." आणि ती स्वतः माझी पाहुणी, म्हणून मी तिला उलट बोलायचंही नाही!

बेदरी दाराबाहेर जाऊन हसतो.

११ जून

आज शाहेला ताप होता. इब्राहिमला कॉफी मी दिली! हरभऱ्याचीच. पण मी दिली.

शाहेनं अंथरुणातून विचारलं, "सांडली नाहीस ना?"

२९ नोव्हेंबर

शेवटचे जर्मनही देशातून गेले! बेरातकडून दिवसभर बंदुकांचे बार, पण आनंदाचे. आता खरी नावं लिहायला हरकत नाही. सेल्वी समोर बसून एकेक अक्षर सांगतेय: आईचं नाव एस्तरेया. बाबांचं हायीम. माझं लुना.

लुना. चंद्र म्हणे. चमचा चाटणारा चंद्र!

४ डिसेंबर १९४४

आज गेले. स्कोपियेला, आपलं कोण उरलंय ते बघायला. एस्तरेयानं शाहेचे हात धरले, मग माझे. दोघींना सारखाच वेळ—मी बघत होते! शब्द दिलाय, नवरूझच्या सणाला, २२ मार्चला परत येणार. मी विचारलंच, कुणाकडे? हायीम खाली बघून म्हणाला, "आज्जी, रीत तुम्हाला ठाऊक आहे. ज्या दारी पहिली भाकरी खाल्ली, त्याच दारी."

शाहेला दार कुठाय? नुसती काळी जमीन.

बेदरीला हाक मारली. म्हटलं, उद्या बैल जुंप, ओढ्यातून दगड आणायला लाग. मार्चच्या आत शाहेचं घर उभं राहिलं पाहिजे.