पेनदाणी झालेला पिस्टन परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. स्वच्छता व अडथळा निर्मूलन अधिकारी,
विभागीय कार्यालय, दुसरा मजला
(जिन्यालगतची, दारावर 'साहेब बैठकीत आहेत' अशी कायमची पाटी असलेली खोली)

विषय : आपल्या टेबलावर पेने ठेवण्यासाठी वापरात असलेला पिस्टन मूळ मोटारसायकलीत बसवण्यासाठी परत मिळण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा पहिला अर्ज, जो आपल्या कार्यालयात सापडत नाही.
२) अर्जदाराचा दुसरा अर्ज, जो सापडतो, परंतु त्याच्यावरच उपरोक्त पेनदाणी ठेवलेली असल्याने कोणी वाचलेला नाही.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार पुढीलप्रमाणे सविनय सादर करतो. विनय यापूर्वीच्या दोन अर्जांत बराचसा खर्ची पडला आहे. जो शिल्लक आहे तो इथे वापरला आहे, कमी वाटल्यास सांभाळून घ्यावे.

१. अर्जदार व्यवसायाने शिंपी आहे. राहत्या घराच्या तळमजल्यावर एक गॅरेज असून त्यात अर्जदाराच्या आत्याची जुनी मोटारसायकल आहे. आत्या बाळंतपणे करणारी नर्स होती. बाई नुसती सायकलवर बसली तरी गल्लीतल्या खिडक्या पटापट उघडत, अशा काळात ती या मोटारसायकलीवर मागे औषधांची पेटी बांधून अडलेल्या बायकांच्या घरी जात असे. आपल्या कार्यालयातले निम्मे कर्मचारी तिच्या हातांत जन्मले, असे ती म्हणते. कोण कोण, ते मात्र सांगत नाही. तेवढी त्यांची अब्रू झाकलेली राहू द्यावी, असे तिचे मत आहे.

२. आत्या नोकरीतून निवृत्त झाली तेव्हापासून मोटारसायकल ताडपत्रीखाली होती. आता आत्याला जवळजवळ दिसत नाही, आणि तिचे हृदय थकले आहे असे डॉक्टरांनी अर्जदाराला बाजूला घेऊन सांगितले. बाजूला घेण्याचा काही उपयोग झाला नाही, कारण तिचे कान शाबूत आहेत. घरी येताच ती म्हणाली, "मला पथ्यबिथ्य काही सांगू नकोस. माझी गाडी एकदा सुरू करून दाखव, तिचा आवाज ऐकला की मग देशील ती गोळी मुकाट्याने घेईन." अर्जदाराला आईवडिलांमागे याच बाईने वाढवले. त्यामुळे ही मागणी अवाजवी वाटली नाही, आणि अर्जदाराने त्याच आठवड्यात ताडपत्री काढली.

३. अर्जदार मेकॅनिक नाही, हे मान्य. परंतु शिंपी उसवायला बसतो तेव्हा कुठला तुकडा कुठे होता हे विसरून चालत नाही. त्याच रीतीने अर्जदाराने गॅरेजच्या फरशीवर एक जुनी गडद चादर अंथरली. जो भाग ज्या क्रमाने निघेल तो त्या क्रमाने तिच्यावर मांडला, त्याच्याभोवती शिंप्याच्या खडूने रेघ ओढली आणि शेजारी आकडा घातला. वॉशरसुद्धा सोडला नाही. पुढे सगळे साफ करून शेवटच्या आकड्यापासून उलटे बसवत यायचे, एवढा साधा बेत होता. ती चादर म्हणजेच इंजिन होते. फक्त ते पसरलेले होते.

४. याच सुमारास वरच्या मजल्यावरच्या काकांनी आपल्याकडे तक्रार केली की, गॅरेजमध्ये दिवसभर मोटारसायकल चालू असते आणि त्या धडधडीने त्यांची दुपारची झोप उडते. त्या वेळी मोटारसायकलीचे इंजिन चादरीवर होते, टाकी अंगणात उन्हाला होती आणि चाके आत्याच्या ओळखीच्या लेथवाल्याकडे होती. अशी गाडी चालू कशी राहील हे काकांना विचारण्याची तसदी आपल्या कार्यालयाने घेतली नाही. काकांच्या झोपेचा घात करणारी धडधड अर्जदाराच्या शिलाई यंत्राची होती. त्या यंत्रावर त्या दिवसांत काकांचीच पँट मोठी करण्याचे काम चालले होते. सदर पँट पूर्ण झाली असून काका ती घालूनच आपल्याकडे तक्रारीचे काय झाले हे विचारायला येतात. शिलाई चांगली उतरली आहे, आपणही पाहिली असेल.

५. तक्रारीवरून आपले निरीक्षक दोन माणसांसह आले. अर्जदार त्या वेळी एका नवरदेवाचे माप घ्यायला गेला होता. गॅरेजच्या दाराशी खुर्ची टाकून आत्या बसली होती. निरीक्षकांनी आत डोकावून पाहिले आणि इथे वाहन नसून भंगार आहे असा जागच्या जागी निष्कर्ष काढला. आत्याने त्यांना स्पष्ट सांगितले की कशाला हात लावू नका, सगळे ओळीने लावलेले आहे. त्यावर निरीक्षक अत्यंत प्रेमाने म्हणाले, "आजी, तुम्ही काही काळजी करू नका, आम्ही सगळं व्यवस्थित करून देतो."

६. आणि त्यांनी खरोखरच व्यवस्थित केले, हीच अर्जदाराची मुख्य तक्रार आहे. सामान नुसते पोत्यात कोंबले असते तर तो आडदांडपणा झाला असता, आणि आडदांडपणाला निदान शिव्या देता येतात. परंतु आपल्या माणसांनी भाग धातूप्रमाणे वेगळे केले. लोखंड एका पोत्यात, ॲल्युमिनियम दुसऱ्यात, पितळ तिसऱ्यात. 'इतर' अशा चौथ्या पोत्यात अर्जदाराची कात्री, आत्याचा चष्मा आणि नवरदेवाच्या कोटाची एक बाही गेली. त्यानंतर त्यांनी चादर उचलली, अंगणात नेऊन दोघांनी दोन टोके धरून जोराने झटकली, तिची चार पदरी घडी घातली आणि ती आत्याच्या मांडीवर ठेवून निरोप घेतला. अर्जदार घरी आला तेव्हा अंगणभर खडूची भुकटी होती. आत्या घडीवरून हात फिरवत बसली होती. अर्जदाराने कपाळावर हात मारून घेतला.

७. पोती परत मिळवण्यासाठी अर्जदाराने आपल्या कार्यालयात जे हेलपाटे घातले त्यांचे वर्णन आपल्याला माहितीच्या पलीकडचे नसल्याने थोडक्यात देतो. पहिल्या टेबलावर सांगण्यात आले की, जप्त माल भंगार नसून वाहन आहे हे सिद्ध केल्यास तो परत मिळेल. ते सिद्ध कसे करायचे, तर वाहन चालवून दाखवायचे. चालवून दाखवण्यासाठी ते जोडावे लागते, असे अर्जदाराने निदर्शनास आणले. दुसऱ्या टेबलावर सांगण्यात आले की, जोडायला हरकत नाही, मात्र जप्त मालाला हात लावता येणार नाही. तिसऱ्या टेबलावरचे गृहस्थ जेवायला गेले होते. अर्जदार त्यांचा ऋणी आहे, कारण ते जागेवर नसल्यामुळेच शिपायाने वैतागून गोदामाचे कुलूप काढले आणि "ने बाबा एकदाची" असे म्हणून पोती बाहेर ओढली. आपल्या कार्यालयात अर्जदाराचे झालेले हे एकमेव काम होय.

८. घरी आल्यावर आत्या आणि अर्जदार यांनी इंजिनाची चादर पुन्हा मांडायला घेतली. ती भाग हातात घेऊन चाचपून नाव सांगे, अर्जदार खडूने आखे. दोघेही चुकले, आणि दोघांनीही दुसऱ्याचेच चुकले असे ठरवले. क्लचच्या एका स्प्रिंगवरून दोन दिवस अबोला होता. शेवटी स्प्रिंग दोघे म्हणत होते त्याहून तिसऱ्याच ठिकाणी बसली. हे काम कित्येक महिने चालले. चादर भरत गेली, पण मधोमध एक जागा मोकळी राहिली. चारही पोती उलटी करून झटकली तरी पिस्टन निघाला नाही.

९. यास्तव अर्जदार दुसरा अर्ज घेऊन आपल्या खोलीत आला. आपण त्या वेळी बैठकीत, म्हणजे खुर्चीत, होता. आपल्या टेबलावर तो पिस्टन उलटा, पोकळ बाजू वर करून ठेवलेला होता. चांगला घासूनपुसून चकचकीत केलेला, त्यात दोन पेने, एक लाल पेन्सिल आणि कान कोरायची काडी. ओळख पटण्यात काही अडचण नाही. एकदा गाडी तापून अडकली होती तेव्हा त्याच लेथवाल्याने त्याची खालची कड कानशीने घासली होती, ती खाच आजही स्पष्ट आहे. पिस्टनच्या पोटावर मात्र आता पांढऱ्या ऑइलपेंटने आपल्या कार्यालयाचे नाव आणि नोंदणी क्रमांक घातलेला आहे. आत्याच्या मोटारसायकलीला वाहन मानायला जे कार्यालय तयार नव्हते, त्याने तिच्या काळजाला मात्र तत्परतेने क्रमांक दिला, याबद्दल आभार.

१०. अर्जदाराने विनंती केली असता आपण म्हणालात, "अहो, आता ते नाही निघत. जडवस्तूंच्या नोंदीत गेलंय. एवढ्याशा तुकड्यासाठी काय जीव टाकता, दुसरा घ्या." दुसरा घेण्याबाबत खुलासा असा की, असा पिस्टन आता कोणी बनवत नाही. लेथवाल्याने एका वेगळ्या गाडीचा घासून बसवून पाहिला. तो सिलिंडरात इतका ढिला बसला की किक मारली की फक्त खुळखुळत असे. आत्याने खुर्चीतूनच सांगितले, "ही माझी गाडी नाही. काढा ते." उलटपक्षी पेनदाणी या वस्तूचे उत्पादन जगात अद्याप बंद झालेले नाही.

११. जडवस्तूंच्या नोंदीतून वस्तू कमी कशी करतात, हे अर्जदाराने आपल्या हेडक्लार्कना विचारले. ते भले गृहस्थ आहेत. त्यांनी सांगितले की वस्तू निकामी ठरली तरच तिचे नाव कमी करता येते. पिस्टन पेने धरण्याचे काम उत्तम करत असल्याने तो निकामी ठरत नाही. मग इकडेतिकडे पाहून, आवाज खाली आणून, निव्वळ सहानुभूतीपोटी त्यांनी मार्ग सुचवला : "तुम्ही एक करा, तो जरा फोडा. तडा गेला की मी लगेच निकामी दाखवतो आणि तुम्हाला देऊन टाकतो." अर्जदाराने शिंपीकामात पुष्कळ गिऱ्हाइके पाहिली आहेत. लग्नाच्या सकाळी बाही उसवून मागणारेही पाहिले आहेत. परंतु कोट परत देण्यासाठी तो आधी फाडून आणा, असे आजवर कोणी म्हणाले नव्हते. अर्जदार त्यांना नमस्कार करून खाली आला आणि जिन्यात उभा राहून एकटाच हसला. ते हसू आनंदाचे नव्हते, हे नमूद करणे आवश्यक वाटते.

१२. आता मोटारसायकल पूर्ण जोडून तयार आहे. टाकीला रंग झाला, सीटचे आवरण अर्जदाराने स्वतः शिवले, ते इतके सुबक झाले आहे की काकासुद्धा खाली येऊन बोट फिरवून गेले. फक्त सिलिंडर उघडा आहे आणि त्यावर धूळ बसू नये म्हणून फडके बांधले आहे. आत्या रोज दाराशी येऊन बसते. पूर्वी ती "किती राहिलं?" असे विचारत असे. हल्ली विचारत नाही. गोळ्याही घेत नाही, कारण अट पूर्ण झालेली नाही, आणि ती शब्दाची पक्की आहे. डॉक्टर म्हणतात, असेच चालले तर फार दिवस निघणार नाहीत. महोदय, अर्जदाराला आपल्या कार्यालयाचा राग येतो, आपल्या पाटीचा येतो, त्या घडी घातलेल्या चादरीचा तर फारच येतो. पण त्या रागाच्या खाली खरे पाहता भीती आहे. आत्या आवाज न ऐकता गेली तर अर्जदाराला ते आयुष्यभर सहन होणार नाही.

सबब विनंती की,

(अ) अर्जदाराला नुकसानभरपाई नको, चौकशी नको, कोणाचा माफीनामा नको. निरीक्षकांवर कारवाईही नको. त्यांनी फक्त यापुढे कोणाच्या घरी काही व्यवस्थित करू नये.

(आ) हा अर्ज मंजूर करण्यासाठी आपण पेन उचलालच. तेव्हा उरलेले पेन, पेन्सिल आणि काडीही त्याच वेळी बाहेर काढावी आणि पिस्टन मोकळा करावा.

(इ) पोटावरचा पांढरा क्रमांक खरवडू नये. अर्जदार तो रॉकेलने हलक्या हाताने पुसून घेईल. आपल्या माणसांनी तो व्यवस्थित करण्याचा प्रयत्न कृपया करू नये.

(ई) नोंदीत पेनदाणीची जागा रिकामी राहू नये म्हणून बदली वस्तू सोबत दिली आहे. तिच्यावर हवा तो क्रमांक हव्या त्या रंगात घालावा.

अद्याप नम्र असलेला,
(सही)
अर्जदार, शिंपी, तळमजला

दिनांक : आपला आवक शिक्का ज्या दिवशी सापडेल तो.

सोबत :

१. स्टीलचा ग्लास, एक. आत्या कामावर असताना यात थर्मामीटर ठेवत असे. तिने तो स्वतःहून दिला आहे आणि परत नको असे सांगितले आहे. पेने नीट उभी राहतात, घरी ठेवून पाहिली.

२. आत्या, एक. ग्लास तिच्याच हातात आहे आणि ती आपल्या खोलीबाहेरच्या बाकावर बसलेली आहे. तिला दिसत नसल्याने दारावरची पाटी वाचता येत नाही, तरी आपण बैठकीत आहात असे तिला सांगून उपयोग होणार नाही. पिस्टन तिच्या हातात द्यावा, खाच ती बोटाने ओळखेल. लेथवाला तिला इथे सोडून निघून गेला आहे. घरी जाईन तर माझ्याच गाडीवरून, असे तिने ठरवले असून, गाडी सुरू होईपर्यंत ती आपल्या कार्यालयातच राहील.