नागपुरात गोवऱ्या विकत

मोताळा. पौष वद्य पंचमी, गुरुवार

नातू झाला! माझ्या गोदीले नागपुरात मुलगा झाला, जावयाचं कार्ड आलं. आळीत गूळ वाटला, तरी जिवाले चैन नाही. पहिलं बाळंतपण इथं माहेरीच व्हायचं, पण आठव्यातच कळा आल्या. पोराचं नाक माझ्यासारखं आहे म्हणतात. असो, ते मागून.

कार्डाखाली गोदीनं लिहिलं, "आई, इथं गोवऱ्या आण्याले मोजून आठ. म्हणून शेक एकच वेळ होतो."

गोवऱ्या विकत! माझ्या परसात छपराएवढी रास, अन् माझी बाळंतीण ऐन थंडीत शेकाले तरसून राह्यली. सोयरिकीच्या वेळी तीस रुपये पगार ऐकून मीच हुरळली. मोताळ्यात तीस रुपये म्हणजे पाटलाचा थाट. तिथं शेणालेही पैसे पडतात, हे विचारायचं कोणाले सुचलं?

ह्यांले म्हटलं, "दोन पोती गोवऱ्या रेल्वेनं धाडा."

हे हसले. "अवं, तेवढ्या भाड्यात तिथं गाडीभर येतील!"

"मंग पैसे धाडा."

"जावईबापू मानी हायेत. वापस करतील."

खरं आहे. पण पैसे वापस केले तरी सासूले कसे वापस करतील? मलेच जा लागते. उद्या सकाळी दमणी जुंपायले सांगितली, मलकापूरहून गाडी धरायची. एक पोतं गोवऱ्या मी वळकटीत बांधल्याच. ठेसनावर कोणी विचारलं तर सांगन, बाळंतिणीची गादी आहे.