मंगल कार्यालयातली शिकारगाडी

३ जानेवारी
कंपनी सोडून महिना झाला. व्हीआरएस घेतली. म्हणजे घ्यायला लावली, पण सही मी केली, त्यामुळे घेतलीच. चाकणला गिअरबॉक्सच्या लाइनवर सव्वीस वर्षं. आता लाइन बंद, मशीन दुसऱ्या राज्यात. लोक विचारतात, वाईट वाटत असेल ना? मला काहीच वाटत नाही. भूक लागते, झोप लागते. बायको म्हणते, झोप जरा जास्तच लागते. ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, तिला सगळीकडे काहीतरी जास्त किंवा कमी दिसतं.
संकल्प: एक मोठा प्रोजेक्ट हाती घ्यायचा. कोणता, ते उद्या.

९ जानेवारी
सुचला. मेहुण्याचा, खंडूचा, राजगुरुनगरच्या पलीकडून फोन. म्हणाला, दाजी, रानडुकरांनी समदा मका आडवा केला. ट्रॅक्टरचा आवाज आला की पळत्यात, बंद केला की पुन्हा हजर.
म्हणजे प्रश्न डुकरांचा नाहीच, आवाजाचा आहे. एक इलेक्ट्रिक गोल्फ कार्ट घ्यायची. उचलून उंच करायची, खाली जाड टायर, पुढे लोखंडी गार्ड, मागे शिकाऱ्याची सीट. आवाज शून्य.
खंडूने विचारलं, बंदूक हाय का तुमच्याकडं? वनखात्याची परवानगी लागते म्हणं. मी म्हटलं, तो पुढचा टप्पा. खंडू पहिल्यापासून निगेटिव्ह.

१४ जानेवारी
बायकोला, विजयश्रीला, सांगितलं. तिळगूळ हातातच राहिला. म्हणाली, अहो, तुम्ही आयुष्यात उंदीर तरी मारलाय का? उंदीर मारायला वाहन लागत नाही, हे मी शांतपणे दाखवून दिलं.

२१ जानेवारी
पहिली गाडी पाहिली. तळेगावच्या बाजूला एक रिसॉर्ट बंद पडलंय, तिथली. सोबत सुजित. त्याचं भोसरीला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. काहीही सांगा, तो म्हणतो, करून टाकू राव. असा माणूस जवळ पाहिजे.
छत्तीस व्होल्ट. बॅटऱ्या फुगलेल्या. मागच्या सीटवर कोंबडी बसली होती, उठायला तयार नाही. सुजित म्हणाला, करून टाकू राव. पण मी ठाम राहिलो. चढावर छत्तीसला दम लागणार. अठ्ठेचाळीसच हवी. निर्णयक्षमता शाबूत आहे.

२८ जानेवारी
दुसरी. कोरी, इंपोर्टेड, लिथियम बॅटरी. सेल्समनने विचारलं, सर, टाउनशिपसाठी की रिसॉर्टसाठी? म्हटलं, शिकारीसाठी. तो पाणी आणतो म्हणून गेला, आलाच नाही.
विजयश्रीने फोनवर किंमत ऐकून फोन ठेवला. लिथियम बाद. कारण पूर्णपणे तांत्रिक: वजन कमी, चिखलात पकड राहणार नाही.

६ फेब्रुवारी
मिळाली! कासारवाडीजवळच्या एका मंगल कार्यालयात. नवरा-नवरीच्या एंट्रीची गाडी. पांढरी, पुढे दोन मोर. अठ्ठेचाळीस व्होल्ट, आणि आयुष्यभर फक्त गेट ते स्टेज एवढीच चाललेली. मालक म्हणाले, आता लोकांना जेसीबीतून एंट्री पाहिजे, हिला कोण विचारतंय.
मी, सुजित, मालक आणि मालकांचे साडू असे चौघं बसून पार्किंगचा चढ चढलो. मोटार हूं की चूं नाही. चार लठ्ठ माणसं वर नेते, तिला डोंगर काय. घेतली.

१७ फेब्रुवारी
गाडी उंच केली, टायर बसवले. डावीकडे वळताना टायर पत्र्याला घासतो. सुजित म्हणाला, जंगलात डावीकडे कशाला जायचंय राव. पटलं.
मोर चासीला वेल्ड केलेत, कापले तर पुढचा सांगाडा सुटेल. हिरवा रंग मारला. झाडीत मिसळतात.
रिव्हर्स टाकला की सनई वाजते. वायर कुठून येते ते सापडत नाही. हरकत नाही. शिकारी मागे जात नसतो.

२६ फेब्रुवारी
चार दिवस वर्कशॉपला गेलो नाही. आजारी नाही. पडून होतो. आज सकाळी बूट घालून चौकात गेलो, कशाला ते आठवत नाही. कंपनीची बस आली. थांबली नाही. बरोबरच आहे, ड्रायव्हर नवा असेल. घरी येऊन बुटांसकट झोपलो. विजयश्रीने बूट काढले असावेत, उठलो तेव्हा पायात नव्हते.
संकल्प: उद्यापासून जोरात.

१० मार्च
काल ट्रायल. टेम्पोने गाडी खंडूच्या शेतावर नेली. मोर बघून सासूबाईंनी हळदकुंकू वाहिलं. दिवस मावळताना निघालो. विजयश्री हट्टाने मागे बसली. खंडू म्हणाला, मी बांधावरच बरा.
गाडी खरोखर आवाज करत नाही. हे नोंदवून ठेवतो. मक्यात एक डुकरीण आणि पाचसहा पट्टेरी पिल्लं. त्यांना आम्ही आल्याचं कळलंसुद्धा नाही. अगदी जवळ गेलो. डिझाइन यशस्वी.
माझ्या हातात टॉर्च होती. बंदूक पुढचा टप्पा.
तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. भीती वाटायला हवी होती. मला वाटलं, हिचं बरं चाललंय. रोज यायचं, खायचं, पिल्लं मोजायची आणि जायचं. उद्यापासून येऊ नका असं तिला अजून कोणी सांगितलेलं नाही.
विजयश्रीने कोपर दाबलं. अहो, मागे घ्या. वळायचं तर डावीकडेच मोकळं होतं. रिव्हर्स टाकला. सनई सुरू.
डुकरं जी पळाली! आम्ही उलटे ओढ्यात. तिथे गाडी बंद पडली. सनई बंद पडली नाही. तिची बॅटरी वेगळी असावी. खंडू ट्रॅक्टर घेऊन येईपर्यंत आम्ही दोघं मोरांच्या मागे बसून होतो, लग्नासारखे. विजयश्री हसायला लागली. खूप हसली. मग बघितलं तर हसत नव्हती. म्हणाली, तुम्हाला काहीच होत नाही का हो? मी म्हटलं, बॅटरी उतरली. म्हणाली, ते दिसतंयच.

२२ मार्च
खंडूचा फोन. गाडी ओढ्यातून काढून बांधावर लावलीय. रिव्हर्सचं बटण दाबून ठेवतो, सनई वाजत राहते. डुकरं फिरकत नाहीत. म्हणाला, दाजी, गाडीचं जाऊ द्या, पर आवाज लई भारी बसवलाय तुमी.
यश अनेक प्रकारचं असतं.

२ एप्रिल
जॉइन झालो. चाकणला, दुसऱ्या कंपनीत. विजयश्रीच्या लॅबमधल्या कुणाच्या तरी ओळखीने. काम: आलेल्या पाहुण्यांना इलेक्ट्रिक कार्टमधून आत फिरवणे. इंटरव्ह्यूमध्ये मी टॉर्क, व्होल्टेज सगळं सांगितलं. एचआरची मुलगी म्हणाली, काका, दहाच्या वर न्यायची नाही फक्त.
पहिली फेरी. दोन इंजिनिअर, त्यांची नवी गिअरबॉक्स लाइन बघायला आलेले. शॉपफ्लोअरच्या दारापर्यंत सोडलं. ड्रायव्हरला आत परवानगी नाही. दार उघडलं, आतून मशीनच्या कूलंटचा तोच जुना वास आला, आणि कुठलं तरी मशीन सुरू झालं. दार बंद झालं. मी तिथेच बसून राहिलो.
सिक्युरिटीवाला आला. म्हणाला, काका, काय झालं? म्हटलं, डोळ्यांत धूळ गेली. तो म्हणाला, इथं कुठली धूळ, काका. रुमाल देऊ का?
घेतला. मागे दुसरी कार्ट उभी होती, म्हणून गाडी पुढे घेतली. दहाच्या स्पीडने.