पाद्रीणबाईचे घर मी सुनेला देते

मी, अहिल्या विष्णू कर्णिक, वय त्र्याहत्तर, मुक्काम जर्मनीत नेकारसुल्मजवळ, शुद्धीत आहे, आणि आज तर फार आनंदात आहे. शाळा चौथीपर्यंत. ऱ्हस्वदीर्घ चुकेल, मन चुकणार नाही.

आनंद कशाचा, ते आधी. चिरंजीव कपिल, इंजिनियर, याने माझे मृत्युपत्र कॉम्प्युटरवर छापून आणले. "आई, फक्त सही कर." माझ्यामागे घर आणि बाग त्याला, म्हणजे विकायला मोकळा. आणि मी तोवर आल्टनहाइमात, म्हणजे इथल्या वृद्धाश्रमात! कागद सूनबाई नीनाला दाखवला. ती हसली. "अहो आई, नुसती सही करून उपयोग नाही. इथे सगळे स्वतःच्या हाताने लिहावे लागते."
"चौथीच्या हाताने?"
"गेनाऊ! अगदी बरोबर!"
तेव्हा कपिल, हा घे माझा हात.

यांची हत्यारांची पेटी कपिलला. एकदा तरी हात काळे कर. कायद्याने त्याचा जो हिस्सा निघेल तोही द्यावा, मी अडवत नाही.

नथ नात शमिकाला. ती जर्मनमधून भांडते, मी मराठीतून, कोणी हरत नाही.

जाऊबाई मालिनी यांनी १९८१ साली नेलेले पुरणयंत्र कोणी परत मागू नये. लाजून आणलेच तर घ्यावे.

आता घर. हे आम्ही घेतले तेव्हा लोक त्याला अमेरिकन पाद्र्याचे घर म्हणत. नीनाने चर्चची जुनी वही वाचून दाखवली, तर गोष्ट वेगळीच. अडीचशे वर्षांपूर्वी या गावचा पाद्री अमेरिकेत गेला. तिथल्या मंडळींनी उपदेश करायला त्याला घर आणि शेत दिले. बायकोने झाडे तोडली, दगड वेचले, सफरचंदे लावली. वीस वर्षे. पाद्री वारला आणि पंधरा दिवसांत नवा पाद्री सामान घेऊन दारात! शेत मंडळींचे, बाईचे काहीच नाही. ती तीन पोरे घेऊन परत आली, माहेरच्या पैशाने हे घर घेतले आणि कागदावर स्वतःचे नाव लावले. लोक अजून पाद्र्याचेच घर म्हणतात, म्हणोत.

हे गेल्यावर मलाही बाहेर काढायला निघाले होते. म्हणून घर, कोठार आणि बाग मी नीनाला देते, तिच्या एकटीच्या नावावर. ती म्हणाली, "आई, कपिल रागावेल." रागावू दे. त्याने या घरात खुशाल राहावे. नीनाला विचारून.

इथे साक्षीदार लागत नाहीत म्हणे. मला लागतात.

साक्षीदार: शुभदा नागेश वैद्य, मैत्रीण
साक्षीदार: शेजारीण हेल्गा बाउअर (मराठी येत नाही, पण मी लिहिताना समोर बसली होती)

नेकारसुल्म, १४ ऑक्टोबर २००७
अहिल्या विष्णू कर्णिक