परगावी न गेलेल्या अकरा मुलांबाबत

प्रति,
मेहेरबान मोहतमीम साहेब,
टोचणी व रोगमोजणी महकमा, जिल्हा बीड

विषय: मौजे उंबरदरा, तालुका पाटोदा, येथे चैत्राआधी देवी काढणारा माणूस पाठविणेबाबत.
संदर्भ: आपले पत्र, १२ इस्फंदार १३२१ फसली.

महोदय,

१. अर्जदार सारजाबाई अदबीने कळवते की, माझे यजमान कै. गहिनीनाथ हे आपल्याच महकम्याकडून या भागातल्या पोरांच्या दंडावर देवी काढत. ते टोचत, मी पोर धरून बसे, आणि त्यांचे टिपण बघून बघून मी अक्षर शिकले. काना-मात्रा चुकल्यास तो दोष त्यांचा धरावा. ते आता हरकत घेणार नाहीत. त्यांना जाऊन तीन वर्षे झाली. त्यांची जागा तेव्हापासून रिकामी आहे.

२. गेल्या चैत्रात गावात देवी आल्या आणि अकरा मुले घेऊन गेल्या. आमच्याकडे या रोगापुढे 'मेले' म्हणत नाहीत, रडतही नाहीत. ऐकले तर बाई, म्हणजे देवीच, राहिलेल्यांसाठी मागे फिरते, अशी समजूत आहे. म्हणून 'बाईसंगं गेलं' म्हणायचे. गावचा जागल्या धुळाजी वर्दी द्यायला गेला, तेव्हा तोही तेच बोलला. आपले मोजणी-कारकून परमुलखातले, नवे. त्यांनी विचारले, मुले कुठे गेली? धुळाजी म्हणाला, "बाईसंगं गेली, मालक." परत कधी येणार? "आता कशाची येत्यात." कारकुनांनी लिहिले: स्थलांतर, परतीची तारीख नक्की नाही. यात कोणी खोटे बोलले नाही, हेच अवघड आहे.

३. पुढे आपल्याकडून छापील तक्ता आला. उंबरदरा, देवीने मृत्यू: निरंक. हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा वाचला. फार स्वच्छ शब्द आहे. त्यावरून गावास देवी काढणाऱ्याची गरज नाही असे ठरून ती जागाच मोडीत काढली, आणि चांगल्या बंदोबस्ताबद्दल आमचे पाटील सुंदरराव यांना पागोटे मिळाले. मी त्यांच्याकडे दाखला मागायला गेले तर म्हणाले, "बाई, आता मेली म्हणून लिवलं तर पागोटं वापस मागतील की. अन् म्या ते लेकाच्या लग्नात गुंडाळून बसलोय."

४. तेव्हा मीच घरोघर जाऊन दंडावरचे टोचणीचे वण पाहिले; गेलेल्यांचे यजमानांच्या टिपणातून काढले. वण असलेली मुले चाळीस, त्यांतले एक गेले. वण नसलेली सव्वीस, त्यांतली दहा. आपण म्हणाल, नसलेली बहुतेक तान्ही, आणि तान्हे कशानेही जाते. मलाही तसेच वाटले. म्हणून चालती-बोलती तेवढी पुन्हा वेगळी धरली: यजमान आले की आयांनी ज्यांना कणगीमागे दडवले ती एका बाजूला, मी ज्यांना धरले ती दुसऱ्या बाजूला. उत्तर बदलले नाही. टोचले की वाचतेच, असेही माझे म्हणणे नाही. ते जे एक गेले, लोहाराचा बंकट, त्याला मीच मांडीवर धरले होते. त्याच्या आईला चाळिसातली एकोणचाळीस वाचली म्हणून सांगू लागले. ती म्हणाली, "सारजाबाय, मला एकच व्हतं. चाळीस न्हवती." यापुढे माझी मोजणी चालत नाही.

५. हे मी आपणास दोनदा लिहिले. उत्तर आले की, 'सदर मुले परगावाहून परत आल्यावर त्यांची टोचणी करण्यात येईल. तोवर ती ज्या गावी गेली त्याचे नाव कळवावे.' आपले पत्र आले की मी चावडीत वाचून दाखवते, तशी रीत आहे. हे दाखवले नाही. नाव आम्हाला ठाऊक असते तर आया तिकडे कधीच चालत गेल्या असत्या, महाराज.

६. आता पलीकडच्या वस्तीवर देवी आल्याचे ऐकते. आमच्या गावच्या साखराबाई धनगरीण हिच्या कडेवर सहा महिन्यांचा मुलगा आहे, दंड कोरा. तिची थोरली शिवकन्या त्या अकरांत होती. यजमान आले तेव्हा साखराबाईने तिला कणगीमागे बसवून वर घोंगडे टाकले होते आणि घरात पोर न्हाई म्हणून सांगितले होते. आता ती रोज माझ्या दारात येते. "देवी काढणारा काहून येईना, बाय? अवंदा मी लपवायची न्हाई." मी तिला काय सांगावे, हे कृपा करून लेखी कळवावे.

७. आपल्या कारकुनांचे म्हणणे, 'मृत्यू' हा शब्द घरच्या माणसाने दिल्याशिवाय तक्ता बदलत नाही. बाकीच्या घरांनी दार लावून घेतले. माझा त्यांच्यावर राग नाही. साखराबाई तेवढी म्हणाली, "लिवा. पर मोठ्यानं वाचू नगा. बारकं ऐकंल." म्हणून लिहिते:

शिवकन्या, साखराबाईची लेक, वय वर्षे चार. गेल्या चैत्रात देवीने मेली.

अकरांतली ही एक तरी परगावाहून परत आली असे समजावे. निरंक मोडायला एक पुरते. आणि अर्ज कचेरीत वाचावा लागेल, तो मनातल्या मनात वाचावा, ही विनंती.

उत्तराची नव्हे, माणसाची वाट पाहणारी
आपली नम्र,
सारजाबाई भ्र. कै. गहिनीनाथ
मुक्काम उंबरदरा, माघ वद्य सप्तमी, १३२१ फसली

सोबत:
१) आपले पत्र, परत.
२) साखराबाईच्या डाव्या अंगठ्याचा ठसा. उजव्या हातावर मूल होते आणि ते शाईला हात घालत होते, म्हणून जरा हलला आहे.