चौदा घरांचे ओटे

२ एप्रिल १९६१
पलीकडच्या गल्लीत चोरी झाली. आमच्या चौदा घरांच्या सोसायटीचा सेक्रेटरी मी. सकाळीच नकाशा काढला. सगळं खापर ओट्यांवर! ओटा म्हणजे चोराला दबा धरायला जागा आणि भिंत चढायला पायरी. ओटे फोडायचे, फाटक एकच ठेवायचं. प्लॅन फर्स्ट क्लास.

५ एप्रिल
मीटिंग. विरोध फक्त बायकांचा, आणि त्या मेंबर नाहीत. शेवटच्या घरातल्या कौसाबाई एकट्या असतात. दिवसभर ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारतात, "कोन शे रे भो? कोनाकडे चालना?" फार कटकट. म्हणाल्या, "भाऊ, ओटा फोडशात ते मी बठू कोठे?" घरात बसा, घर कशाला दिलंय, म्हणालो. सगळे हसले. त्या हसल्या नाहीत. उगाच बोललो की काय?

१२ एप्रिल
ओटे फुटले. पहिला माझाच, आदर्श म्हणून. सौ. त्यावर ज्वारीच्या बिबड्या वाळत घालणार होती. तेव्हापासून अबोला. शांततेत काम बरं होतं.

३० एप्रिल
नवा नियम: विनाकारण दुसऱ्याच्या दारात उभं राहू नये. दुपारी गल्लीत चिटपाखरू नाही. झकास! रहिवाशांचं समाधान मोजायला फॉर्म काढले. भरून होईपर्यंत प्रत्येकासमोर बसलो. तेरा जण 'समाधानी'. कौसाबाईंना लिहिता येत नाही. त्यांचा मीच भरला. एकूण चौदा.

९ मे, संध्याकाळ
चोरी. माझ्याच घरी, भरदुपारी. सौ. माहेरी प्रकाश्याला, मी ऑफिसात. दोन माणसं हातगाडी घेऊन आली. तांब्याचा हंडा, शिलाई मशीन, गाद्यासुद्धा नेल्या. समोरच्या भाईदासने खिडकीतून सगळं पाहिलं. त्याला वाटलं, मी घर बदलतोय. बाहेर येऊन विचारलं का नाही? म्हणाला, "तुमनाच नियम शे ना दादा, दुसराना दारमा उभं ऱ्हावानं नही."
हवालदाराने विचारलं, गल्लीत ओट्यावर कुणी बसत नाही का? कसंबसं नाही म्हणालो.

१० मे
प्लॅन बरोबरच होता, अंमलबजावणीत कसूर झाली. भिंत दोन फूट वाढवली तर?
हे वाक्य खोडतो. स्वतःचीच लाज वाटली.

१४ मे
कौसाबाई भावाकडे कोरीटला चालल्या, कायमच्या. सौ. माहेराहून आलीय. जाऊन दोन शब्द बोला, म्हणाली. मी वाक्य पाठच केलं: चुकलो, मावशी, उद्याच तुमचा ओटा बांधून देतो, जाऊ नका. दोनदा अर्ध्या वाटेवरून परतलो. तिसऱ्यांदा दारात पोचलो. त्या म्हणाल्या, "काय भाऊ?"
मी म्हणालो, "गाडी आली का?"
त्यांना एकटीला ट्रंक उचलवत नव्हती. मीच उचलून बैलगाडीत ठेवली. म्हणाल्या, "देव तुमनं भलं करो."