तुझ्या नावाचे डबे

प्रिय नंदे,

रविवारी तुझं पहिलं पुण्यस्मरण. मी परवाच नांदेडहून अहमदपूरला आले. हे पत्र रडायला म्हणून लिहीत नाही, रागानं लिहिते आहे. आपल्या भावानं, बसूनं, पाहुण्यांना वाटायला स्टीलचे डबे सांगितले आणि त्यांवर कोरायचं नाव चिठ्ठीवर लिहून माझ्यापुढे धरलं. त्यात 'कै. महानंदा' एवढंच तुझं होतं. पुढे नवऱ्याचं नाव, आणि त्यापुढे उदगीरचं आडनाव!

ज्या घरातून एक पिशवी घेऊन निघालीस आणि पुन्हा त्या उंबऱ्यावर उभी राहिली नाहीस, त्या घराचं आडनाव! मी विचारलं, "हे कशाला?"

"अक्का, रीत हाय," बसू म्हणाला. "उदगीरची माणसं येणार हायत. मीच बोलावलं. एवढ्या वर्षांनी चार माणसांत बरं दिसतं."

"आणि तिनं जन्मभर दुकान चालवलं, ते?"

"दुकान कुठलं? पोरांचा व्हिडिओ गेम तो. डब्यावर घालायची गोष्ट हाय का ती?"

वर म्हणाला, शनिवारी भंगारवाला येणार आहे. दुकानाची खोली रिकामी करून तिथे सतरंज्या टाकायच्या. तुझ्या पुण्यस्मरणाला तुझंच दुकान भंगारात! तुला हसू आलं असतं. मला नाही आलं.

ती डब्यावर घालायची गोष्ट आहे की नाही, ते मला ठाऊक आहे. सुरुवातीपासून ठाऊक आहे.

तू माहेरी आलीस तेव्हा मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसायचीस. त्याच वर्षी तुझे दाजी कंपनीकडून जपानला ट्रेनिंगला गेले आणि येताना व्हिडिओ गेमचा तो लाल-पांढरा सेट घेऊन आले. कुणासाठी, विचारलं तर म्हणाले, "नंदासाठी. तिला हाताला काहीतरी पाहिजे." दुसरा एखादा असता तर साडी आणली असती! मी तेव्हा बोलले नाही, पण त्या माणसाबद्दल मला फार बरं वाटलं होतं.

त्यांनी सगळी माहिती काढून आणली होती. खेळायचे पत्ते छापणारी एक जुनी कंपनी, तिनं त्र्याऐंशी साली हा सेट काढला. नावाचा अर्थ 'कुटुंबाचा कॉम्प्युटर'. जपानात घरोघरी होता म्हणे. त्याला की-बोर्ड जोडता यायचा, पायांनी खेळायची चटई मिळायची, एक छोटा यंत्रमानवसुद्धा होता. तू त्या चटईसाठी दाजींच्या किती मागे लागलीस! ती काही आली नाही. टीव्हीवर नेम धरायची बंदूक मात्र आली.

आणि पहिल्याच दिवशी काय झालं, आठवतं? जपानची वीज शंभर व्होल्टची, आपली दोनशे तीसची. मी विज्ञानाची पदवीधर, चारदा बजावून सांगितलं होतं. बसूनं अडॅप्टर सरळ भिंतीत खोचला. भस्सकन धूर!

"गेला जपान!" म्हणून तोच हसला.

तू मात्र उठलीस. माहेरी आल्यापासून पहिल्यांदा घराबाहेर पडलीस ती त्या जळक्या अडॅप्टरसाठी. एसटी स्टँडजवळच्या टीव्ही मेकॅनिकसमोर जाऊन बसलीस. त्यानं दुसरा अडॅप्टर बनवून दिला, पण चित्र येईना, कारण जपानचे चॅनेलच वेगळे. मग त्यानं आतून वायर काढून टीव्हीला थेट जोडली. चित्र आलं, तेही काळं-पांढरं, कारण त्यांच्या रंगांची पद्धत आपल्या टीव्हीला कळत नव्हती. तू तसंच खेळत राहिलीस. पुढे मल्टी-सिस्टम टीव्ही घेतलास आणि मला मी शिकवायचे त्या शाळेत फोन केलास. मी तास सोडून फोनकडे धावले, वाटलं कुणाचं काही बरंवाईट झालं. आणि तू ओरडून सांगत होतीस, "अक्का, आभाळ निळं हाय गं! आपण आजवर पांढरं समजून राहिलो!"

अशा बाईला बसू म्हणतो, दुकान कुठलं!

घराच्या स्टँडकडच्या खोलीला शटर लावलंस, वर पाटी रंगवून घेतलीस: महानंदा व्हिडिओ गेम. जॉयस्टिकच्या वायरी आखूड आणि सेटलाच कायमच्या जोडलेल्या. पोरं ओढून सेट खाली पाडायची. मग तू तो सायकलच्या ट्यूबनं पाटाला बांधलास. खेळाची कॅसेट अडकली की सगळं गाव तिच्यात फुंकर मारायचं. तू भिंतीवर लिहिलंस, 'फुंकर मारू नये. थुंकीने पितळ गंजते.' स्पिरिट आणि कापूस घेऊन तू स्वतः कॅसेटचे दात पुसत बसायचीस. नंतर हैदराबादहून त्या सेटच्या स्वस्त नकला आल्या. त्याही घेतल्यास, पण जपानी सेट कधी विकला नाहीस. नकलांच्या कॅसेटवर हजारो खेळ छापलेले असायचे आणि आत तेच पाच-सहा खेळ फिरून फिरून! तू गिऱ्हाइकाला आधीच सांगायचीस, "आकड्याला भुलू नका, आत पाचच हायत."

शाळेच्या गणवेशातलं पोरगं तू आत घेतलं नाहीस. तरी लोक म्हणायचे, नवरा सोडलेली बाई, आता आमची पोरं बिघडवते. मला नांदेडला लग्नाकार्यांत ऐकवायचे. मी त्यांना एकच विचारायचे: तुमच्या पोराला तुम्ही कधी दुपारी विचारलंत का, शाळेत का गेला नाहीस? ती विचारत होती.

आणि त्या बंदुकीची चुगली कुणी केली होती गं? हुबेहूब रिव्हॉल्व्हर, कमरेला लावायचं म्यानसुद्धा. मी तेव्हा सुट्टीत आले होते. हवालदार दारात येऊन म्हणाले, "बाई, पिस्तूल हाय म्हणं तुमच्याकडं?"

"हाय की," तू म्हणालीस. "बसा. आधी टीव्हीतलं एक बदक पाडून दाखवा, मग जप्त करा."

ते बसले. टोपी काढली, एक डोळा मिटला. एक बदक पडेना. दर वेळी पडद्यावरच्या गवतातून खेळातलं कुत्रं वर येऊन दात काढायचं. शेवटी हवालदार चिडले, "बाई, हे कुत्रं माझ्यावर हसून राहिलंय!"

"सगळ्यांवरच हसतंय साहेब. त्याला वर्दी कळत न्हाई."

खरं दुकान तर बुधवारी दुपारी असायचं. अर्धं शटर खाली, पोरांना बंदी, आत फक्त बायका. भाजी घेऊन आलेल्या, दवाखान्यात जाते सांगून आलेल्या. त्या बंदूक धरायच्या तेव्हा काय एकेक बोलायच्या!

"ते डावीकडचं माझी जाऊ!"

"मंग उजवीकडची तुझी सासू. दे गोळी!"

"अगं सासू नगं, तिनंच पैसे दिलेत रिक्षाला!"

त्या जपानी सेटची दुसरी जॉयस्टिक तू स्वतःच्याच हातात ठेवायचीस. तिला खेळ सुरू करायचं बटण नव्हतं, निवडायचंही नव्हतं. ती दोन्ही फक्त पहिलीला. पण दुसरीत बारीक जाळीचा माईक होता. त्यात बोललं की आवाज टीव्हीतून बाहेर यायचा. नकलांमध्ये ही सोय नव्हती. बायका आधी लाजायच्या, मग पदर सावरून तू पुढे धरलेल्या माईकमध्ये बोलायच्या: "आज संध्याकाळी चहा मी करणार न्हाई!" आणि टीव्हीतून आपलाच आवाज ऐकून अशा हसायच्या की स्टँडवरची माणसं वळून बघायची.

मी विचारलं होतं, तू पहिली का घेत नाहीस? म्हणालीस, "सुरू कुणीबी करू दे अक्का. बोलायचं मला हाय."

मग घरोघरी मोबाईल आले. पोरं येईनाशी झाली. बसूनं सांगितलं, रिचार्जचं दुकान टाक. तू शटर वर करतच राहिलीस. बरं केलंस.

पण एका गोष्टीचा माझा राग गेलेला नाही. ताप अंगावर काढलास. मला फोनवर "बरी हाय" म्हणालीस, आणि बसूला म्हणालीस "अक्काला सांगू नको." का? जगाला तोंडावर बोलणारी तू, बहिणीला एक वाक्य सांगता आलं नाही? मी आले तेव्हा तू बोलायच्या पलीकडे गेली होतीस. हे काही बरं केलं नाहीस नंदे.

असो. आता कालचं ऐक.

बसू म्हणाला, "सेट ठेव हवं तर. ते टीव्हीचं डबडं तरी देऊ भंगारात. भिंतीवर नवा पातळ लावू." मी म्हटलं, ती बंदूक जुन्या पिक्चर ट्यूबच्याच टीव्हीवर चालते, पातळ टीव्हीवर एक बदक पडायचं नाही. ते डबडं जागचं हलणार नाही. आणि भंगारवाल्याला मी स्वतः फोन करून येऊ नको सांगितलं.

मग त्याची चिठ्ठी पर्समध्ये घातली आणि भांड्यांच्या दुकानात गेले. बाहेर नाव घालणारा मशीन घेऊन बसला होता. मी त्याला दुसरा मजकूर सांगितला: महानंदा व्हिडिओ गेम, अहमदपूर.

तो थांबला. "गेमवाल्या बाई? त्यांच्या हैदराबादी सेटच्या सुट्या जॉयस्टिकवर मीच नाव घातलेलं. पोरं बदलून न्यायची ना." मग म्हणाला, "आधी कै. घालू?"

"नको," मी म्हटलं. "दुकानाला कै. लागत नाही."

"अन् यजमानांचं नाव?"

"ते त्यांच्या स्वतःच्या डब्यावर घालतील."

संध्याकाळी पोती उघडल्यावर बसूनं एक डबा उचलून वाचला. "अक्का, हे काय करून ठेवलंस! उदगीरची माणसं काय म्हणतील?"

"म्हणू दे. डबा घेतील. स्टीलचा डबा कुणी परत करत नाही."

त्यानं अक्षरांवरून अंगठा फिरवला. मग इतकंच म्हणाला, "झाकणावर घालायला नको होतं का? बाजूचं घासून जातं." त्याला काय म्हणायचं होतं, ते मला कळलं. रीत-रीत करतो, पण तुझा भाऊच आहे तो.

सतरंज्या दुकानातच पडतील, सेट चालू असेल. तुझे दाजी रविवारी सकाळी येऊन वायरी बघणार आहेत. आणि मी रिटायर्ड बाई, मला काय काम? दर बुधवारी नांदेडहून एसटी धरून येईन आणि शटर अर्धं वर करीन. बायका येतील न येतील. शटर वर जाईल.

उदगीरच्या ज्या घरात साखरेच्या डब्याला हात लावायला तुला विचारावं लागत होतं, त्या घराच्या फळीवर आता तुझं दुकान बसेल. रोज सकाळी चहाला कुणीतरी ते उघडेल. उदगीरच्या माणसांना पहिला डबा मीच देणार आहे, नाव त्यांच्याकडे करून, आणि त्यांनी ते वाचेपर्यंत माझा हात डब्यावरून निघणार नाही. हे माझं वचन.

तुझीच,
अक्का